काकांनी कोडात लिहून ठेवलेलं

गेल्या वर्षी आंबा संपत आला होता तेव्हा माझ्या पहिल्या मालकांचा फोन आला. मी पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीला परत आल्याचं आणि शहरालगतच्या नाचणे गावात घर घेऊन तिथूनच सुटी कामं करत असल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगचं शिक्षण नुकतंच संपलेलं असताना, मी त्यांच्याकडे पहिली नोकरी केली होती. मारुती मंदिराजवळ, औषधांच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, हीच कंपनी. मालक, मी आणि वयाने मोठे म्हणून ज्यांना काका म्हणत ते सहकारी, एवढीच माणसं.

मालकांनी सांगितलं की आपला भरतीचा प्रोग्रॅम पुण्याची एक कंपनी घेते आहे. मासेमारी बोटवाल्यांच्या सोसायटीलाही ते मान्य आहे. पण त्या लोकांना प्रोग्रॅमचं डॉक्युमेंटेशन हवं आहे, आणि आपल्याकडे तर एक कागद नाही. तेवढं तू करून दे.

"हल्ली ते कोडातून आपोआप निघतं म्हणे," ते म्हणाले. "बटण दाबायचं फक्त."

हा प्रोग्रॅम काय होता ते सांगायला हवं. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. भरतीचं पाणी पुरेसं चढल्याशिवाय मोठी बोट आत येत नाही, आली तर वाळूत बसते. कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तोंडावर पुरेसं पाणी असेल, हे आमचा प्रोग्रॅम सांगायचा. सुरुवातीला तो सोसायटीच्या कचेरीतल्या एकाच संगणकावर चाले आणि तिथला कारकून वेळा फळ्यावर खडूने लिहून ठेवी. पुढे त्या वेळा मोबाईलवर जाऊ लागल्या. आतला हिशोब मात्र तोच राहिला, आणि तो सगळा काकांनी लिहिलेला होता.

प्रोग्रॅम लिहिताना माणूस मध्ये मध्ये साध्या भाषेत टिपा लिहून ठेवतो. इथे काय चाललं आहे, हा आकडा कशाचा, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून. त्यांना कॉमेंट म्हणतात. संगणक त्या वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. पण त्या ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या असल्या तर एक टूल त्या सगळ्या गोळा करतं, कोडाशी ताडून बघतं आणि व्यवस्थित पानं तयार करून देतं. मालक म्हणत होते ते बटण हेच.

मी बटण दाबलं आणि पडदा लाल ओळींनी भरून गेला. वर सरकवत गेले तरी संपेनात.

अशा वेळी चुका मोजत बसायचं नसतं, त्यांच्या जाती लावायच्या असतात. तासाभरात मला दोन मोठ्या जाती सापडल्या. पहिल्या जातीची तक्रार अशी की, कॉमेंटमध्ये अनोळखी खूण आली आहे. या टूलला ‘@’ हे चिन्ह दिसलं की वाटतं, आता आपल्यासाठी काही सूचना आहे. आणि काकांच्या कॉमेंटमध्ये ती चिन्हं जागोजाग होती. फाईल उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मग लक्षात आलं. काका मराठीत लिहायचे, आणि त्या काळी आमच्याकडे मराठीसाठी एक जुना फाँट होता. आत इंग्रजी कळांचीच अक्षरं साठवली जात, फाँट लावला की ती मराठी दिसत. त्या फाँटात ‘@’च्या कळीवर अर्धा क बसवलेला होता. म्हणजे काकांनी ‘नक्की’ लिहिलं, ‘फक्त’ लिहिलं, ‘पक्कं’ लिहिलं की बावीस वर्षांनी टूल तिथे अडखळत होतं. आणि काकांना ‘नक्की’ लिहायची फार सवय होती.

काका मालगुंडचे. उमेदीची वर्षं जहाजावर काढलेली, विजेची आणि यंत्रांची कामं करायचे. पन्नाशीच्या आसपास जहाज सोडून घरी आले आणि पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकले. मी नोकरीला लागले तेव्हा ते दोन बोटांनी टाईप करत, पण थांबत नसत. रोज सकाळच्या एसटीने येत, खिडकीतल्या टेबलावर डबा ठेवत, चष्मा पुसत आणि आदल्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून वाचून मगच पुढची ओळ लिहीत. कोडाआधी कॉमेंट लिहायची हा त्यांचा नियम होता. आधी कॉमेंट वहीत पेन्सिलीने लिहायची, मग ती संगणकावर घ्यायची, मग खाली कोड. पुस्तकात वाचलेल्या त्या ठरावीक पद्धतीनेच ते सगळं लिहीत. याचं कधीतरी आपोआप पुस्तक होईल, असं ते म्हणत. मालक त्यांची थट्टा करत. मला तर ते सगळं जुनाटच वाटायचं.

मी लांज्याच्या आतल्या बाजूची. आमच्याकडे भात, नाचणी, कातळावरचं गवत, ओढा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. इंजिनिअरिंगला पुण्याला राहिले आणि परत येताना बरोबर पुष्कळ शिस्त घेऊन आले. कोडातली नावं कशी असावीत, याबद्दल तर माझी मतं फार ठाम होती. काकांनी फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्यात, ‘भरती’, ‘उधाण’, ‘भांग’ अशी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली बघून मला हसू आवरत नसे. भांग म्हणजे मला एक केसांतला ठाऊक होता आणि एक होळीतला.

एकदा काका आठवडाभर रजेवर गेले आणि मी ती सगळी नावं एका दुपारी बदलून टाकली. भरतीचं इंग्रजी केलं. उधाण म्हणजे पाणी खूप चढणं, एवढं मला माहीत होतं, म्हणून त्याचं ‘हाय टाइड’ केलं. मग भांग त्याच्या उलट असणार, असा मी माझ्यापुरता हिशोब जुळवला आणि त्याचं ‘लो टाइड’ करून मोकळी झाले. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालला. चालणारच, संगणकाला नावाशी काही देणंघेणं नसतं. कॉमेंटना मी हातही लावला नाही, कारण त्या वाचायचा मला कंटाळा होता.

काका रजेवरून आले, त्यांनी ते पाहिलं आणि एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या आठवणीत तसंच होतं. पुढे मी नोकरीला दीड वर्ष झाल्यावर पुण्याला गेले, मोठ्या कंपन्यांत राहिले, हाताखाली माणसं आली. नवीन मुलांना शिकवताना मी कधी कधी काकांचं उदाहरण द्यायची, की माझ्या पहिल्या नोकरीत एक वडीलधारे होते, त्यांच्या कामात मी न विचारता ढवळाढवळ केली आणि त्यांनी मला चकार शब्दाने दुखवलं नाही.

तर टूलच्या चुकांची दुसरी जात होती ती या दुपारची. तक्रार अशी की, कॉमेंटमध्ये ‘भांग’ या नावाची माहिती दिली आहे, पण फंक्शनमध्ये त्या नावाचं काहीच नाही. आणि फंक्शनमध्ये ‘लो टाइड’ आहे, त्याची माहिती कुठेच नाही. ‘उधाण’चंही तेच, ‘भरती’चंही तेच. फाईलमागून फाईल. म्हणजे निम्म्या चुका जुन्या फाँटाच्या आणि निम्म्या माझ्या.

मला थोडी लाज वाटली, पण काम करणाऱ्या माणसाला लाजेपेक्षा घाई जास्त असते. मी कॉमेंटमधली जुनी नावं शोधून त्या जागी कोडातली नावं घालणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. अर्ध्या मिनिटात माझ्या वाटणीच्या सगळ्या चुका गेल्या. फाँटाच्या चुकांसाठी त्या ओळी वगळ असं टूलला सांगितलं. मग पुन्हा बटण दाबलं. एकही लाल ओळ नाही. पानं तयार झाली, निळ्या मथळ्यांची, डाव्या बाजूला अनुक्रम असलेली. फक्त वर्णनाच्या जागा बऱ्याचशा कोऱ्या होत्या. मालकांना दाखवायला म्हणून पाठवली, तर त्यांनी ती तशीच पुढे पुण्याला धाडली.

दोन दिवसांनी पुण्याच्या कंपनीतल्या प्रमुख बाईंचा फोन आला. नेमकं बोलणाऱ्या होत्या, एकेक पान वाचून आल्या होत्या. वर्णनं रिकामी आहेत ती जमली तर भरा, असं म्हणाल्या आणि मग एका फंक्शनवर आल्या. तिथे ‘लो टाइड’चा आकडा हातानं घातलेला दिसतोय, पण ओहोटीची उंची तर आता आम्हाला रोजच्या रोज थेट मिळते, तर तीच तिथे जोडून टाकतो. चालेल ना?

मी पान बघितलं. नाव ‘लो टाइड’, त्यात ओहोटीचा आकडा घालायचा, यात न पटण्यासारखं काय होतं? चालेल म्हणाले.

ती कोरी वर्णनं भरायची म्हणून मग मी त्या जुन्या फाँटाच्या मागे लागले. माझ्याकडे तो नव्हता. इंटरनेटवर जुन्या फाँटाचं नव्या मराठीत रूपांतर करणारी पानं मिळाली, पण त्यातून अर्धं मराठी आणि अर्धा चिवडा बाहेर आला. मालकांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं की तो फाँट काकांनी राम आळीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातून आणला होता.

दुकान अजून होतं. दारात फ्लेक्सच्या गुंडाळ्या उभ्या, काउंटरवर पत्रिकांचे नमुने, आणि आत साठीला टेकलेल्या एक ताई. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याच टाईप करत होत्या. कोपऱ्यात एक जाडजूड जुना संगणक होता. तो का ठेवलाय, तर आसपासच्या गावांतल्या देवस्थानांची पत्रकं जुन्या फाँटात आहेत, दर वर्षी फक्त तारीख बदलायची असते, म्हणून. मी लॅपटॉप उघडून त्यांना ती फाईल दाखवली. जुन्या यंत्रावर कशी न्यायची, ते विचारायच्या बेतात होते. ताईंनी चष्मा नाकावर घेतला, चिवड्यावर बोट ठेवलं आणि सरळ वाचायला लागल्या.

"खाडीच्या तोंडावरील पाण्याची खोली. हा आकडा राजिवड्यातील एका तांडेलाला विचारून घेतला आहे."

हे कसं वाचता येतं, मी विचारलं. त्या म्हणाल्या की पूर्वी पडद्यावर फाँट लागायला वेळ लागायचा, तोवर हेच दिसायचं, त्यामुळे डोळ्यांना सवय झाली. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, हे मात्र त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण माझ्या बोलण्यावरून मी आतल्या गावची हे त्यांनी ओळखलं होतं.

त्या वाचत गेल्या आणि मी टाईप करत गेले. खोली अर्धा हात कमी धरावी असे तांडेलाचे मत. स्वतः मोटारसायकलवरून जाऊन पाहिले. पावसात नीट दिसले नाही, दिवाळीनंतर पुन्हा पाहणे. त्याखाली नुसतं, पाहिले, बरोबर आहे. एका ठिकाणी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब दिला होता आणि पुढे म्हटलं होतं की हा फक्त पडताळ्यासाठी ठेवला आहे, माझे वडील असाच काढत. मला खिडकीतलं ते टेबल आठवलं, पेन्सिल, डबा, चष्मा पुसायचा पिवळा फडका. मी त्या खोलीत दीड वर्ष काकांपासून चार हातांवर बसले होते आणि यातलं एक अक्षर मी कधी वाचलं नव्हतं.

मग ती फाईल आली. ज्या फंक्शनबद्दल पुण्याच्या बाईंनी विचारलं होतं, त्याच्या डोक्यावर कॉमेंटचा एक लांबलचक तुकडा होता. ताईंनी तो आधी मनात वाचला, माझ्याकडे बघितलं आणि मग मोठ्याने वाचला.

"भांग म्हणजे ओहोटी नव्हे. अष्टमीच्या सुमारास भरतीचे पाणी नेहमीपेक्षा कमी चढते, त्यास भांग म्हणतात. ते जितके कमी चढते तेवढे येथे वजा केले आहे. येथील इंग्रजी नाव चुकीचे आहे. नाव बदलणारीला समुद्र ठाऊक नाही, पण मुलगी हुशार आहे. कळेल तेव्हा स्वतः दुरुस्त करील. तोवर फक्त हिशोबावर विश्वास ठेवावा, नावावर ठेवू नये."

ताईंनी विचारलं, "कोण ही मुलगी?"

"मीच," मी म्हटलं, आणि फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आले.

पुण्याचा फोन लागेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तिथे ओहोटीची उंची जोडली असेल, तर प्रोग्रॅम वजाबाकी भलत्याच आकड्याची करणार. पाणी पुरेसं नसताना आहे म्हणून सांगणार. आणि खाडीच्या तोंडाशी आलेला तांडेल मोबाईल बघून बोट आत घालणार. टूलला यातलं काही कळलं नव्हतं. कॉमेंटमधलं नाव आणि कोडातलं नाव सारखं आहे ना, एवढंच ते बघतं. ती दोन नावं सारखी मीच करून दिली होती. खरं म्हणजे टूल पहिल्या दिवशी बरोबर ठिकाणी ओरडत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

बाईंनी फोन घेतला. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी तिथेच कुणाला तरी विचारलं. मग म्हणाल्या की जोडणी झाली आहे, पण चाचणीच्या प्रतीत, बोटवाल्यांपर्यंत अजून काही गेलेलं नाही. आत्ताच काढायला लावते. मी पायरीवरच बसले. आतून ताईंनी सरबत पाठवलं.

पुढच्या दोन दुपारी राम आळीतच गेल्या. ताई पत्रिकांचं काम सांभाळून वाचत, मी टाईप करी. दोन-तीन ठिकाणी त्यांनाही अक्षर लागेना, तिथे आम्ही जुन्या संगणकावर तोच मजकूर घालून बघितला. सगळ्या कॉमेंट नव्या मराठीत आल्या. आता नावांचं काय करायचं, हे ठरवायचं राहिलं होतं, आणि ते काकांना विचारल्याशिवाय करायचं नाही, असं मी ठरवलं. या खेपेला तरी.

मालगुंडला एसटीने गेले. काकांना भेटून बारा-तेरा वर्षं झाली होती. दार काकींनी उघडलं, त्यांनी मला लगेच ओळखलं. काका पडवीत खुर्चीवर बसले होते, अंगाने निम्मे झालेले. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं, असं काकींनी मला आत पाणी देताना हळूच सांगितलं. वाचन बंद झालं होतं. काकांनी मान थोडी वाकडी करून, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघितलं.

"काय गो बाय, पुण्याहून पळालीस म्हणे?"

मी हसले. इकडचं तिकडचं झालं, मुलांची चौकशी झाली, काकींनी चहा आणि फणसाची साटं आणून ठेवली. मग मी टूलच्या चुकांपासून पत्रिकांच्या दुकानापर्यंत सगळं सांगितलं. पुण्याच्या फोनचं सांगताना काका खुर्चीत पुढे सरकले आणि आकडा वेळेत काढला का, असं दोनदा विचारलं. काढला म्हटल्यावर पुन्हा मागे टेकले.

मग मी मनात घोकून आणलेलं बोलले. म्हटलं, "काका, तुम्ही तेव्हा मला काहीच बोलला नाहीत. लिहून ठेवलंत, पण बोलला नाहीत. मला ते कधी विसरता आलं नाही."

काकांनी चहाचा कप चाचपत खाली ठेवला.

"बोललो नाही कसा? दोनदा बोललो," ते म्हणाले. "पहिल्यांदा तू म्हणालीस, काका, आता सगळीकडे इंग्रजीतच लिहितात. दुसऱ्यांदा मालकाला घेऊन आलो. त्याने हसून सोडून दिलंन, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हटलं, जाऊ दे, लिहून ठेवू."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण काकींनी आतून दुजोरा दिला. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत धड, म्हणाल्या. बावीस वर्षं मी एका शांत, क्षमाशील माणसाची गोष्ट सांगत आले होते, आणि त्या गोष्टीत मला दोनदा समजावणारा, चिडणारा, मालकांकडे तक्रार घेऊन जाणारा माणूस कुठेच नव्हता. ती गोष्ट मला सोयीची होती. मी काकांची माफी मागितली. त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला.

कामाचं निघालं तेव्हा त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. मी विचारलं की तुमची मराठी नावं परत घालू का. तर म्हणाले, "मराठीच ठेव असं मी कधी म्हटलं? बरोबर ठेव, एवढंच म्हटलं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इंग्रजीत स्प्रिंग म्हणतात आणि भांगाला नीप. जहाजावर रोज तेच बोलत होतो मी."

म्हणजे बरोबर इंग्रजी शब्द माझ्यापासून चार हातांवर बसलेला होता. एक प्रश्न विचारायचा अवकाश होता.

आम्ही ठरवलं ते असं. कोडात नावं ‘उधाण’ आणि ‘भांग’ हीच ठेवायची, कारण आकडा चुकला तर फोन करणारा तांडेल तेच शब्द वापरणार. कॉमेंटमध्ये आधी मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत अर्थ द्यायचा, म्हणजे पुण्यातल्या माणसालाही अडचण नाही. मग मी त्या लांब कॉमेंटचं विचारलं. तिच्यातला भांगाचा अर्थ राहील, पण माझ्याविषयीच्या ओळी?

"काढून टाक," काका म्हणाले. "नाव दुरुस्त झालं, आता त्या ओळी खोट्या पडल्या. खोटी कॉमेंट ठेवायची नाही."

मला त्या ओळी ठेवायच्या होत्या, हे उघड आहे. मुलगी हुशार आहे, असं माझ्याबद्दल त्या वयात दुसऱ्या कुणी लिहिलं नव्हतं. पण त्यांचं बरोबर होतं. घरी येऊन मी नावं बदलली, एकेक हाताने, प्रत्येक जागा वाचून. त्या ओळी काढल्या. बटण दाबलं. टूल एक चकार शब्द न काढता पानं देऊन मोकळं झालं. पण या वेळी मी त्याच्या गप्प बसण्यावर विसंबले नाही. शंभरावर पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कोड शेजारी उघडून. अजून चार ठिकाणी कॉमेंट एक सांगत होती आणि कोड दुसरंच करत होता. त्यांतल्या तीन जागा माझ्यानंतर आलेल्या कुणाच्या तरी होत्या, एक खुद्द काकांची निघाली. त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की काकींना हाक मारून त्यांनी ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

पुण्याला पानं गेली. बैठकीत ‘भांग’ या नावावर कुणीतरी हसलं, मी समजावून सांगितलं, बाईंनी ते लिहून घेतलं. मालकांनी काम पोचल्याचा फोन केला. बोटवाल्यांना यातलं काहीच कळलं नाही, त्यांच्या मोबाईलवर वेळा रोजच्यासारख्या येत राहिल्या.

श्रावणात एकदा उघडीप बघून मी छापलेली पानं घेऊन पुन्हा मालगुंडला गेले. ताईंनी ती मोठ्या अक्षरांत छापून, स्पायरल बांधून दिली होती. काकांनी ती मांडीवर घेतली, कडेवरून हात फिरवला, जाडी चाचपली, एक पान डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि काकींच्या हातात दिलं. काकी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. पडवीच्या कठड्याला टेकून त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, वर्गात धडा वाचावा तसं, स्वल्पविरामाला थांबत. फंक्शनचं नाव आलं की त्या अडखळत, काका उच्चार सांगत. काही कळत नसताना त्यांनी दोन पानं वाचली आणि तिसऱ्यावर त्यांना खाडी दिसायला लागली असावी, कारण त्यांचा आवाज बदलला.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पुढे वाच," काका म्हणाले.

साडेचारच्या एसटीने परत निघायचा माझा बेत होता. रस्त्यावरून ती गेल्याचा आवाज आला तेव्हा काकी अकराव्या पानावर होत्या. पुढची गाडी सहाला होती. मी पाय वर घेऊन कठड्यावर बसले.